सीटी नॉर्मल आहे, मग हिला झालंय काय?

मराठीत ‘मानसिक आहे’ याचा अर्थ शब्दकोशात बघू नका, घरात बघा. कुणाच्या छातीत धडधडतंय, कुणाचं पोट महिनोन् महिने दुखतंय, आणि डॉक्टर म्हणाले की ‘रिपोर्ट चांगले आहेत, थोडा मानसिक भाग आहे’, की दवाखान्याचा जिना उतरेपर्यंत त्या वाक्याचं भाषांतर झालेलं असतं : काही झालेलं नाही, उगाच कुरकुर आहे. आणखी दोन दिवसांनी त्या भाषांतराचंही भाषांतर होतं : हिला सगळ्यांनी आपल्याभोवती फिरायला हवंय.

या भाषांतरावर माझा जुना राग आहे. आज तो डोक्याला लागलेल्या किरकोळ माराच्या निमित्ताने काढतोय, कारण या एका दुखण्यात मनाचा वाटा खरोखरच मोठा आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने ‘मानसिक आहे’ म्हणून हात झटकणाऱ्यांनी सगळ्यात जास्त नुकसान इथेच केलंय.

आधी ‘किरकोळ’चं बघू. हा शब्द डॉक्टरांचा. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोघांनी बेशुद्धी मोजायची एक पट्टी बनवली. डोळे उघडतोय का, बोलतोय का, हातपाय हलवतोय का याला गुण द्यायचे. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. आज जगभर कॅज्युअल्टीत हीच पट्टी वापरतात. १३ ते १५ गुण, बेशुद्धी असलीच तर अर्ध्या तासाच्या आतली, आणि अपघातानंतरचा गोंधळ किंवा विसर एका दिवसाच्या आत सरलेला, तर मार ‘माइल्ड’. म्हणजे हा शब्द त्या वेळची परिस्थिती सांगतो. पुढचे तीन महिने कसे जातील हे तो सांगत नाही, आणि सांगण्यासाठी तो बनवलेलाही नाही.

सीटी स्कॅनचंही तेच. कवटी फुटली आहे का, आत रक्त साचलंय का, सूज आहे का, हे सीटी दाखवतो. ते नसेल तर उत्तम, ऑपरेशन टळलं. पण मेंदूला हादरा बसल्यावर पेशींच्या पातळीवर जी उलथापालथ होते, क्षारांचा तोल बिघडतो, साखर वापरायचं गणित काही काळ चुकतं, ती सीटीत दिसत नाही. त्यामुळे डोकं दुखणं, गरगरणं, उजेड आणि आवाज सहन न होणं, पटकन थकणं, शब्द न आठवणं, चिडचिड, झोपेचं खोबरं, हे सगळं ‘नॉर्मल’ सीटीसोबत अगदी सुखाने नांदू शकतं. बहुतेकांचं ते काही दिवसांत, काही आठवड्यांत ओसरतं. काहींचं ओसरत नाही. आजचा विषय ते ‘काही’.

(थांबा, एक आधी सांगून टाकतो, म्हणजे कुणी माझं लिहिणं वाचून घरी बसायला नको. मार लागल्यावर डोकेदुखी वाढतच चालली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, माणूस पेंगत चालला, असंबद्ध बोलायला लागला, आकडी आली, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा वाटला, नाकाकानातून पाणी किंवा रक्त आलं, तर काहीही वाचत बसू नका, हॉस्पिटल गाठा. रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू असलेल्यांनी आणि वयस्कर मंडळींनी तर मार साधा वाटला तरी दाखवून यायचंच.)

आता आमच्या घरातली गोष्ट. माझी मावसबहीण, शाळेत मराठी शिकवते. तिला विचारून लिहितोय, आणि छापायच्या आधी तिला वाचूनही दाखवलंय. खडीवरून स्कूटर घसरली आणि ताई डोक्यावर आपटली. हेल्मेट होतं. (हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या आमच्या पुण्याच्या मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावं.) मिनिटभर काही सुधरलं नाही, मग उठून बसली, रिक्षाने हॉस्पिटलात गेली. सीटी झाला, नॉर्मल आला. तिथल्या डॉक्टरांनी फाइल मिटता मिटता सांगितलं, ‘काही नाही झालेलं, आराम करा.’ एकूण बोलणं मिनिटभराचंही नसेल. आराम म्हणजे किती दिवस, म्हणजे काय करायचं नाही, डोकं दुखलं तर घाबरायचं की नाही, शाळेत कधी जायचं, यावर एक अक्षर नाही. पाच गोळ्या, एक पावती.

घरी आल्यावर दोन पक्ष पडले. मावशीचा पक्ष : डोक्याला मार म्हणजे खेळ नाही, आयुष्यभर जपावं लागतं, अमक्याच्या तमक्याला असाच मार लागला होता आणि मग तो कामातून गेला. ताईला आतल्या खोलीत पडदे ओढून झोपवलं. टीव्ही नाही, वाचन नाही, फोन नाही, जिना उतरणं नाही. दर तासाला मावशीचा प्रश्न, ‘अगं, दुखतंय का गं डोकं?’ दुसरा पक्ष ताईच्या नवऱ्याचा आणि सासूबाईंचा : स्कॅन नॉर्मल आहे, डॉक्टर म्हणालेत काही नाही, मग तीन आठवडे झोपून राहायचं काय कारण? एकाच घरात, एकाच दिवशी, सकाळी ‘तुझ्या मेंदूला इजा झालीय’ आणि संध्याकाळी ‘तुला काही झालेलं नाही’. मधल्या मधे ताई रोज स्वतःला तपासत होती. विद्यार्थ्यांची नावं आठवतात का, पाढे येतात का, गॅस बंद केला का. एकदा दुधाची पिशवी फ्रिजऐवजी कपाटात ठेवली, तर रात्रभर रडली. मेंदू गेला म्हणून.

मंडळी, कपाळावर चष्मा असताना घरभर चष्मा शोधणारे आपल्यात किती आहेत? हात वर करा. दुधाची पिशवी कपाटात मीही ठेवलीय, माझ्या डोक्याला काहीही लागलेलं नसताना. पण मला कुणी ‘हे लक्षण आहे’ असं सांगितलं नव्हतं, म्हणून मी हसलो आणि विसरलो.

याच गोष्टीवर अमेरिकेत मिटनबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली एक सुंदर अभ्यास केला. ज्यांच्या डोक्याला कधी मार लागलेलाच नाही अशा लोकांना सांगितलं, समजा तुमचा अपघात झाला, डोक्याला लागलं आणि सहा महिने उलटले. आता या यादीतले कोणते त्रास तुम्हाला होत असतील? त्यांनी ज्यावर खुणा केल्या ते त्रास आणि खऱ्या पेशंटांनी सांगितलेले त्रास जवळजवळ तंतोतंत जुळले. म्हणजे डोक्याला मार लागल्यावर काय होतं याचं चित्र मार लागायच्या आधीच आपल्या सगळ्यांच्या मनात तयार असतं. आपल्याकडे तर ते सिनेमानेच काढून दिलंय. पहिला दगड लागला की स्मृती जाणार, दुसरा लागला की परत येणार! त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. अपघाताआधी तुम्हाला हे त्रास किती होते, असं विचारल्यावर पेशंटांनी जे सांगितलं ते निरोगी माणसांना एरवी होणाऱ्या त्रासापेक्षाही कमी निघालं. अपघाताआधीचं आयुष्य आठवणीत एकदम स्वच्छ, लख्ख होऊन जातं. ‘माझं आधी कधी डोकं दुखायचं नाही’, हे ताईही म्हणाली होती. उशीखाली अमृतांजनची बाटली तिच्या लग्नाआधीपासून आहे, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

यात खोटेपणा कुठे आहे? कुठेही नाही. डोकं दुखतंय ते दुखतंयच. फक्त त्या दुखण्याचा अर्थ बदलला. काल ते शाळेतल्या गोंगाटाचं होतं, आज ते मेंदूचं झालं. मेंदूचं म्हटल्यावर भीती आली, भीतीने झोप गेली, झोप गेल्यावर डोकं आणखी दुखलं, लक्ष लागेना, लक्ष लागेना म्हणून भीती आणखी पक्की. या चक्रात कुठेही नाटकाचा अंक नाही. भीतीने छातीचे ठोके वाढतात ते जसे खरे असतात, तसंच हे.

आता ‘बघा, आम्ही म्हणतच होतो, मनाचे खेळ आहेत’ म्हणणाऱ्या पक्षाकडे वळतो, कारण वरचा परिच्छेद वाचून त्यांना फार आनंद झाला असणार.

सिडनीत मीअर्स आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. अपघात होऊन हॉस्पिटलात आलेले दोन गट घेतले, एकाच्या डोक्याला किरकोळ मार, दुसऱ्याला मार आहे पण डोक्याला नाही. पहिल्या काही दिवसांत तपासलं, तर ज्याला ‘पोस्ट-कन्कशन सिंड्रोम’ म्हणतात ती लक्षणं पहिल्या गटात ४३.३ टक्के लोकांना, दुसऱ्या गटात ४३.५ टक्के लोकांना. डोक्याला मार लागला की नाही यावरून कुणाला त्रास होईल हे सांगता येईना. आधी नैराश्य किंवा चिंतेचा आजार होऊन गेलाय का, यावरून जास्त सांगता आलं. याचा अर्थ घाईने काढायचा तर ‘सगळं मनाचंच’. पण जरा थांबून बघा. ज्यांचा पाय मोडला, खांदा निखळला, तेसुद्धा चक्कर, विसर, थकवा, चिडचिड सांगत होते. म्हणजे अपघात हीच एक मोठी गोष्ट आहे. रस्त्यावर पडणं, ट्रकचं चाक दोन हातांवरून गेलेलं बघणं, अंगभर दुखणं, झोप नसणं. हे माणसाला हलवून टाकतं. ते ‘काही नाही’ कसं?

आणि दुसऱ्या बाजूचा आकडाही लपवायचा नाही. अमेरिकेतल्या ‘ट्रॅक-टीबीआय’ नावाच्या मोठ्या अभ्यासातून २०१९ मध्ये असं आलं, की किरकोळ मार लागलेल्यांपैकी ५३ टक्के लोक वर्षभरानंतरही रोजच्या आयुष्यात काही ना काही अडचण सांगत होते. हातापायाला मार लागलेल्या गटात हे प्रमाण ३८ टक्के होतं. फरक आहे. तोही सोडून देण्यासारखा नाही. त्याच अभ्यासात सहा महिन्यांनी नैराश्य किंवा अपघाताच्या धसक्याचा आजार डोक्याला मार लागलेल्यांत २१.२ टक्के, दुसऱ्या गटात १२.१ टक्के. आता यात मेंदू कुठे संपतो आणि मन कुठे सुरू होतं, हे मला कुणीतरी खडूने रेघ मारून दाखवा. ब्रिटनमधल्या लिशमन या मनोविकारतज्ज्ञाने १९८८ सालीच मांडलं होतं, की सुरुवातीचा त्रास बहुतेक मेंदूतल्या बदलांमुळे, आणि जो पुढे लांबत जातो त्यात भीती, ताण, परिस्थिती यांचा वाटा वाढत जातो. साधी समजूत आहे. एकाच दुखण्यात दोन्ही, आणि काळाप्रमाणे प्रमाण बदलणारं. पण आपल्याला एक कप्पा हवा असतो. शरीराचं असेल तर सहानुभूती, मनाचं असेल तर उपदेश.

‘मनाचं आहे’ म्हणून फाइल बंद केली की काय राहून जातं त्याचं उदाहरण ताईचंच. कूस बदलली की खोली फिरायची. सगळ्यांनी ते ‘टेन्शन’मध्ये जमा करून टाकलं होतं. दोन महिन्यांनी एका कानाच्या डॉक्टरांनी तिला तपासणीच्या टेबलावर एका बाजूला आडवं केलं, डोळे कसे हलतात ते बघितलं आणि सांगितलं, की कानाच्या आतले बारीक खडे जागेवरून सरकलेत. डोक्याला मार लागल्यावर हे होतं, त्यात नवल नाही. डोकं विशिष्ट क्रमाने वळवून ते खडे जागेवर नेतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम, औषध नाही. दोन वेळा केलं, गरगरणं गेलं. दोन महिने ‘मन खंबीर कर’ ऐकलं होतं बिचारीने. मन कितीही खंबीर केलं तरी कानातले खडे कसे सरकणार होते, देव जाणे.

तसंच रोज दोन-तीन वेदनाशामक गोळ्यांचं. महिन्यातले निम्मे दिवस अशा गोळ्या घेत गेलं की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. हेही कुणी विचारलं नव्हतं. असो.

आता माझ्या लाडक्या मावशीच्या पक्षाकडे. मावशी, रागावू नकोस, तू हे वाचतेस हे मला माहीत आहे. पडदे ओढून झोपवण्यामागे तुझी माया होती, आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत डॉक्टरही तेच सांगायचे. पण मिलवॉकीच्या डॉक्टरांनी ११ ते २२ वर्षांच्या मुलांचे दोन गट केले. एकाला पाच दिवस कडक विश्रांती, दुसऱ्याला एक-दोन दिवस विश्रांती आणि मग हळूहळू नेहमीचं आयुष्य. २०१५ मध्ये निष्कर्ष आला. कडक विश्रांतीवाल्यांनी जास्त त्रास सांगितले आणि ते सावकाश ओसरले. मग २०१९ मध्ये बफेलोच्या लेडी यांनी आणखी पुढची गोष्ट दाखवली. मैदानावर डोक्याला मार लागलेल्या किशोरवयीन मुलांना त्रास वाढणार नाही इतपत रोज हलका व्यायाम दिला, तर ती साधारण १३ दिवसांत बरी झाली. नुसतं अंग ताणायचे प्रकार करणाऱ्यांना १७ दिवस लागले. २०२२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला या विषयाचे जगभरचे जाणकार जमले होते. त्यांचाही सल्ला हाच, की पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती, स्क्रीन कमी, पण अंधारकोठडी नको, चालणंफिरणं लगेच सुरू.

अंधाऱ्या खोलीत काय होतं याचा जरा विचार करा. माणसाला करायला काहीच नसतं, मग तो स्वतःच्या डोक्याची चौकशी करत बसतो. दर तासाला घरचं माणूस येऊन त्यात भर घालतं. उजेडाची सवय मोडते, मग उजेड खुपतो, मग पुन्हा पडदे. शाळा, मैत्रिणी, फळा, डबा खाताना होणारी हसाहशी, जे माणसाला माणूस ठेवतं ते सगळं काढून घ्यायचं आणि वर म्हणायचं, हिचं मन का लागत नाही कळत नाही.

पण हे झालं माया करणाऱ्यांच्या घरांचं. बऱ्याच बायकांच्या वाट्याला विश्रांतीचा अतिरेक सोडाच, विश्रांतीच येत नाही. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटायला उभ्या असतात. रोजंदारीवरच्या माणसाला तर दुसऱ्या दिवशीच परत जावं लागतं, त्याच्यासाठी ४८ तास हीसुद्धा चैन. आणि या दोघांच्या मधे एक तिसराच प्रकार आहे. साउदम्पटनच्या संशोधकांनी २०१२ मध्ये सांगितलं, की मार लागल्यावर तीन महिन्यांनीही कुणाचा त्रास राहतो हे ओळखायची एक चांगली खूण म्हणजे ‘एक तर सगळं, नाही तर काहीच नाही’ ही वागण्याची तऱ्हा. वाचलं आणि मला ताईची दिवाळी आठवली. एका सकाळी तिला बरं वाटलं. मग काय, माळे काढले, पडदे धुतले, डबे घासले, चकलीची भाजणी भाजली, राहिलेल्या वह्या तपासल्या. पुढचे तीन दिवस अंथरुणात. आणि त्यातून काढलेला निष्कर्ष असा, की ‘बघ, मला आता काहीच झेपत नाही.’ झेपत होतं, चार तासांचं. तिने चौदा तासांचं केलं. आपल्याकडे चांगली सून, चांगली बाई, चांगला कामगार यांची व्याख्याच अशी आहे, की बरं असेल तर सगळं करायचं. ‘आज माळा, उद्या डबे’ म्हणणाऱ्या बाईला आळशी म्हणतात. ही सवय तिच्या कवटीच्या आत जन्माला आलेली नाही.

आणि माझं भांडण मुळात इथेच आहे. ‘मानसिक घटक’ म्हटलं की बोट पेशंटकडे जातं. पण ते घटक एकेक करून बघा. लीड्सच्या व्हिटेकर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं, की ज्यांना सुरुवातीलाच वाटतं की या माराचे परिणाम गंभीर आहेत आणि ते फार काळ टिकणार आहेत, त्यांचा त्रास तीन महिन्यांनी टिकलेला असण्याची शक्यता जास्त. बरं, पण त्यांना तसं वाटायला कुणी लावलं? डॉक्टरांनी काही सांगितलंच नाही, म्हणून मोकळ्या जागेत शेजारच्या काकूंची गोष्ट जाऊन बसली. भीती कुणी घातली? ‘कामातून गेला’ म्हणणाऱ्यांनी. अविश्वास कुणी दाखवला? ‘स्कॅन नॉर्मल आहे ना’ म्हणणाऱ्यांनी. ज्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही त्याला दिवसभर दोन कामं असतात, एक बरं होणं आणि दुसरं आपण खरंच आजारी आहोत हे सिद्ध करणं. दोन्ही एकाच वेळी कशी होतील? लवकर बरा झाला तर लोक म्हणणार, बघा, काही नव्हतंच!

नुकसानभरपाईचा मुद्दाही येणारच, तर घेऊन टाकतो. आमच्या एका काकांचं ठाम मत आहे की असे सगळे पेशंट क्लेमसाठी लोळत असतात. काकांना इंग्लंडमध्ये सन्माननीय पूर्वज आहेत. हेन्री मिलर नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने १९६१ साली ‘अपघाती न्यूरोसिस’वर व्याख्यानं दिली होती आणि त्यांचा सूर असा, की खटल्याचा निकाल लागला की पेशंट खडखडीत बरा होतो. पुढे इतरांनी निकालानंतरच्या पेशंटांचा माग काढला तेव्हा दिसलं, की निकाल लागूनही अनेकांचा त्रास तसाच होता. पैशाचा परिणाम होतच नाही असं मी म्हणत नाही. भरपाईचा दावा चालू असलेल्यांत त्रास जास्त दिसतो, असं १९९६ मध्ये बाइंडर आणि रोहलिंग यांनी अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलंय. पण ज्याने कधी मोटार अपघात दावा प्राधिकरणाच्या व्हरांड्यात दिवस काढलेत त्याला विचारा. तारखेमागून तारीख, प्रत्येक तारखेला अपघात पहिल्यापासून सांगायचा, समोरचा वकील म्हणणार तुम्ही धडधाकट आहात. अशा माणसाचं दुखणं लांबलं तर त्यात लबाडीच असायला हवी असं नाही. आणि ताईने, काका, दावा केलेलाच नाही. खडीवर कोण दावा लावणार?

मग करायचं काय? यात मला खरा राग येतो, कारण करायचं ते फारच स्वस्त आहे. मेलबर्नच्या पॉन्सफर्ड यांनी किरकोळ मार लागलेल्या मोठ्या माणसांना आठवड्याभरात बोलावून तपासलं आणि एक छोटी पुस्तिका दिली : कोणते त्रास होतील, ते बहुतेक जातील, तोवर कसं निभवायचं. तीन महिन्यांनी या लोकांचे त्रास आणि ताण पुस्तिका न मिळालेल्यांपेक्षा कमी होते. हे २००२ सालचं. त्याआधी १९९६ मध्ये त्याच मिटनबर्ग यांनी घरी सोडायच्या आधी पेशंटशी तासभर बोलून, हातात छापील माहिती देऊन पाहिलं होतं. त्यांचा त्रास सरासरी ३३ दिवस टिकला, नेहमीसारखं घरी पाठवलेल्यांचा ५१ दिवस. अठरा दिवसांचा फरक, फक्त नीट बोलल्यामुळे! एखाद्या गोळीने एवढं केलं असतं तर तिच्या जाहिराती रिक्षांच्या पाठीवर लागल्या असत्या.

यावर डॉक्टर मित्र म्हणतील, आमच्या कॅज्युअल्टीत रांग बघितलीयस का? बघितलीय. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली साधारण ४४ टक्के दुचाकीवरची. मरणाऱ्याला वाचवताना किरकोळवाल्याकडे लक्ष देता येत नाही, हे मान्य. तासभर नका बोलू. पण सीटीचे काही हजार घेता, फिल्मचं पाकीट चकचकीत छापता, त्या पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूला पंधरा ओळी मराठीत छापायला कोणती रांग आड येते? ‘सीटी नॉर्मल आहे. म्हणजे रक्तस्राव नाही. तरीही काही दिवस डोकं दुखेल, थकवा येईल, विसरायला होईल, ते अपेक्षित आहे आणि बहुतेकांचं जातं. दोन दिवस बेताने घ्या, मग रोज थोडं थोडं वाढवा. एका दिवसात सगळं करू नका. ही ही लक्षणं दिसली तर लगेच या. महिनाभराने त्रास असेल तर अमुक ठिकाणी दाखवा.’ झालं. यात मानसोपचारसुद्धा आला आणि त्याचं नाव घेऊन कुणाला घाबरवावंही लागलं नाही.

आणि ज्यांना पुढे खरंच समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ लागतो, त्यांना तो पाय मोडल्यावर हाडाचा डॉक्टर लागतो तसाच लागतो. ताई जाते आहे. स्कूटरवर बसायची भीती अजून पुरती गेलेली नाही, ट्रकचा आवाज आला की हात थरथरतात. शाळा आधी दोन तास, मग अर्धा दिवस, असं करत आता पूर्ण वेळ सुरू आहे. मुख्याध्यापिकांनी समजून घेतलं, नाहीतर हे जमलं नसतं. नवऱ्याला बाकी मी काही समजावलं नाही. समुपदेशकांनी त्याला एकदा सोबत बोलावलं होतं, तिथून आल्यापासून ‘स्कॅन नॉर्मल आहे’ हे वाक्य त्या घरात ऐकू आलेलं नाही. मावशी अजून विचारते, पण तासाला नाही. सकाळी एकदा. ताई म्हणते, तेवढं चालवून घेते.

वरच्या पंधरा ओळी मी मोठ्या अक्षरात एका पानावर लिहून एका डॉक्टर मित्राकडून तपासून घेतल्या आहेत. घरातल्या मंडळींपैकी ज्यांना हव्यात त्यांनी सांगा, पाठवतो. ज्यांची मुलं-मुली नवीन गाडी घेणार आहेत त्यांनी न सांगताही पाठवणार आहे.